शंखाला न विचारलेला प्रश्न

कथील हा धातू मराठी घराला कल्हईच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. पितळेच्या पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कल्हईवाला नवसागराच्या धुरात ज्या चकचकीत धातूचा हात फिरवीत असे, तो कथीलच. आणि तो कणाकणाने पोटात गेला तरी अपाय करीत नाही, या भरवशावर ती सारी प्रथा उभी होती. याच धातूच्या एका अणूला प्रत्येकी चार कार्बन अणूंच्या तीन साखळ्या जोडल्या, की ट्रायब्युटिल टिन, म्हणजे संक्षेपाने टीबीटी, हा रेणूगट तयार होतो. माणसाने समुद्रात जाणूनबुजून सोडलेल्या पदार्थांमध्ये हा बहुधा सर्वांत विषारी, अशा अर्थाचे त्याचे वर्णन एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी सागर-रसायनशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात केले होते. त्या वर्णनातील ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे विष कोणत्या अपघातात सांडले नव्हते किंवा कोणत्या कारखान्याने रात्रीतून नाल्यात सोडले नव्हते. ते डब्यात भरून विकले गेले, पैसे मोजून घेतले गेले आणि बोटींच्या बुडाला नीट हाताने फासले गेले.

एखादे रसायन पाण्यातील जीवसृष्टीला कितपत घातक आहे, हे ठरविण्याची एक रूढ शास्त्रीय पद्धत गेल्या अर्धशतकात जगभर स्थिरावली आहे. तिची ताकद आणि तिचा आंधळा कोपरा या दोन्ही गोष्टी टीबीटीच्या इतिहासात जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या बाबतीत दिसत असतील. आधी दोन शब्दांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण बोलण्यात ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पदार्थाच्या अंगभूत घातकपणाला ‘धोका’ म्हणतात, तर तो पदार्थ प्रत्यक्षात किती प्रमाणात कोणापर्यंत पोहोचतो हे धरून जी शक्यता निघते तिला ‘जोखीम’. कुलूपबंद कपाटातले कीटकनाशकही धोकादायकच असते. जोखीम कपाट उघडल्यावर सुरू होते. टीबीटीच्या बाबतीत कपाट असे कधी नव्हतेच, कारण सतत पाण्यात झिरपत राहणे हेच त्याचे नेमून दिलेले काम होते.

ते काम कशासाठी, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पाण्यात उभ्या असलेल्या कोणत्याही लाकडावर किंवा लोखंडावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ येते आणि मग बार्नॅकलसारखे चुनखडीच्या कवचाचे प्राणी कायमचे चिकटून बसतात. बूड खरखरीत झाले की बोटीचा वेग मंदावतो आणि तेवढेच अंतर कापायला इंधन जास्त जळते. कोकणातील लाकडी होड्यांना मुशीच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडण्याची रीत होती, आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारल्या जात असल्यामुळे बूड घासायला वर्षातून एकदा हमखास सवड मिळे. हजारो टनांच्या पोलादी जहाजाला अशी सवड नसते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले, त्यापुढची दोन शतके तांबे हाच या रोगावरचा मुख्य उतारा राहिला. १९५०च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे फान दर केर्क यांच्या गटाला कथिलाच्या सेंद्रिय संयुगांमध्ये बुरशी व अन्य जीव मारण्याची विलक्षण शक्ती आढळली. गंमत अशी की बिल्हार्झिया या रोगाचा प्रसार करणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायी मारण्यासाठीही या संयुगांचे प्रयोग झाले होते. म्हणजे शंखवर्गीय प्राण्यांवर हा पदार्थ प्रभावी ठरतो ही माहिती रंगाच्या डब्यापूर्वीचीच होती.

१९६०च्या दशकात टीबीटी बोटींच्या रंगांमध्ये आले आणि पुढच्या दशकात त्याचे सर्वांत चतुर रूप तयार झाले. या रंगात टीबीटी नुसते मिसळलेले नसते, तर रंगाच्या बहुलकाला रासायनिक बंधाने जोडलेले असते. समुद्राच्या पाण्याने वरच्या थरातील बंध तुटतात, विष सुटते, मोकळा झालेला थर पाण्याच्या घर्षणाने झिजून जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. कांदा स्वतःच स्वतःला सोलत जावा तसा हा प्रकार. त्यामुळे जहाज सुक्या गोदीत घेण्याची वेळ थेट पाच वर्षांपर्यंत लांबविता येऊ लागली. जहाजमालकांनी या रंगाला डोक्यावर घेतले यात नवल नाही, आणि केवळ नफेखोरी म्हणून ते मोडीत काढणेही न्याय्य नाही, कारण वाचलेले इंधन म्हणजे न सोडलेला धूरही असतो.

*

पहिली वर्दी फ्रान्समधून आली. अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशों हा उथळ, खाडीसारखा उपसागर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे कालवांची पिल्ले कौलांवर बसवून वाढविली जातात, आणि त्याच पाण्यात उन्हाळ्यात हौशी नौकांची दाटी होते. १९७७ पासून सलग काही हंगाम कालवांच्या अळ्या तग धरीनाशा झाल्या आणि कौले रिकामी राहू लागली. जी मोठी कालवे होती त्यांची शिंपले वेडीवाकडी जाड होऊन गोळ्यासारखी फुगू लागली. फोडून पाहिले तर शिंपल्याच्या भिंतीत कप्पे, आणि कप्प्यांत चिकट द्रव. असा माल बाजारात उभा राहत नाही. क्लोद आल्झ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकृतीचा माग नौकांच्या रंगापर्यंत काढला, आणि फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीच्या रंगाला बंदी घातली. बंदीनंतर अळ्या पुन्हा बसू लागल्या. एवढ्या झटपट कारवाईचे श्रेय शास्त्राइतकेच कालवांच्या बाजारभावालाही द्यावे लागेल, कारण या ठिकाणी बळी पडलेला प्राणी विकाऊ होता आणि त्याच्या मागे मतदार उभे होते. ज्या प्राण्याला बाजारभाव नाही त्याची फिर्याद कोण नोंदविणार, हा प्रश्न आर्काशोंने अनुत्तरित ठेवला.

फिर्याद नोंदविण्याची अधिकृत पद्धत कशी चालते, ते येथे पाहणे इष्ट ठरेल. रसायनाचा जलीय धोका ठरविताना तीन गोष्टी विचारल्या जातात: ते किती विषारी आहे, ते पाण्यात किंवा गाळात किती काळ टिकते, आणि ते जीवांच्या शरीरात किती साठते. विषारीपणासाठी संपूर्ण जलसृष्टीचे प्रतिनिधी म्हणून तीन जीव उभे केले जातात. सूर्यप्रकाशावर अन्न बनविणाऱ्यांच्या वतीने सूक्ष्म शैवाल, ते शैवाल खाणाऱ्यांच्या वतीने डाफ्निया ही जेमतेम डोळ्यांना दिसणारी जलपिसू, आणि वरच्या पायरीवर मासा. माशांमध्ये झेब्राफिशला मोठा मान आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत नांदणारा हा पट्टेरी मासा मूळचा भारतीय उपखंडातील ओढ्यांचा रहिवासी आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

डाफ्नियाची परीक्षा नमुन्यादाखल जवळून पाहता येईल. जन्मून चोवीस तास झालेले नाहीत अशी पिल्ले पिपेटने अलगद उचलून काचेच्या चंचुपात्रांत सोडतात. रसायनाच्या प्रत्येक प्रमाणासाठी किमान वीस पिल्ले, बहुधा पाच-पाचच्या चार गटांत. खायला काही देत नाहीत. ४८ तासांनी पात्र हलकेच ढवळून पंधरा सेकंद वाट पाहतात आणि तेवढ्या अवधीत जे पिल्लू पोहू शकत नाही ते ‘निश्चल’ म्हणून मोजतात. हृदय धडधडत असले तरी ते निश्चलच, कारण एवढ्या लहान जिवाचा मृत्यू ठरविणे जिकिरीचे असते. अर्धी पिल्ले ज्या प्रमाणात निश्चल होतात तो त्या रसायनाचा आकडा. माशांसाठी मुदत ९६ तास असते आणि अर्धे मासे ज्या प्रमाणात मरतात त्याला अर्धमारक संहती म्हणतात. शैवालासाठी ७२ तासांत वाढीचा वेग निम्म्यावर आणणारे प्रमाण शोधतात. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक वर्गीकरणपद्धतीनुसार हा आकडा लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आला, की पदार्थ तीव्र विषारीपणाच्या पहिल्या वर्गात बसतो आणि त्याच्या डब्यावर मेलेला मासा व वठलेले झाड यांचे चित्र लागते. टिकाऊपणासाठी २८ दिवसांत जिवाणू त्या पदार्थाचे किती विघटन करतात ते पाहतात. साठवणुकीसाठी माशाच्या अंगातील प्रमाण सभोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या कितीपट झाले ते मोजतात, आणि त्या पटीला जैवसंचय गुणांक असे नाव आहे.

आता तीन जीवांवरून उभ्या समुद्राबद्दल बोलायचे, तर मध्ये मोठी दरी उरते. ती बुजविण्यासाठी सुरक्षा-भाजक वापरतात. केवळ अल्पमुदतीच्या तीनच परीक्षा हाती असतील तर सर्वांत संवेदनशील जीवाच्या आकड्याला १००० ने भागायचे. दीर्घ मुदतीच्या, म्हणजे वाढ आणि वीण तपासणाऱ्या परीक्षा जसजशा हाती येतील तसतसा भाजक १००, ५० आणि शेवटी १० पर्यंत खाली आणायचा. जो भागाकार येतो ती अनुमानित निर्धोक संहती: या प्रमाणाखाली कोणाचे काही बिघडत नाही असे मानायला हरकत नाही, अशी ती रेषा. हे हजार, शंभर आणि दहा निसर्गाने दिलेले आकडे नाहीत. अज्ञान जितके जास्त तितका भाजक मोठा, असा तो सरळ सौदा आहे.

हा सौदा टीबीटीला लावून पाहिला, तर उत्तर बुचकळ्यात टाकणारे येते. समुद्रातील माशांसाठी टीबीटीची अर्धमारक संहती लिटरला साधारण दीड मायक्रोग्रॅमपासून काही दशक मायक्रोग्रॅमपर्यंत आढळते, म्हणजे पहिल्या वर्गाच्या उंबऱ्याच्याही कितीतरी खाली. हा पदार्थ जहाल आहे हे ही पद्धत एका झटक्यात सांगते, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. दीड मायक्रोग्रॅमला हजाराने भागले की दीड नॅनोग्रॅम येतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. लिटरला एक नॅनोग्रॅम हे प्रमाण धरणांच्या भाषेत सांगायचे, तर एक टीएमसी पाण्यात २८ ग्रॅम. पुण्याचे खडकवासला धरण काठोकाठ भरले असता त्यात सुमारे दोन टीएमसी पाणी मावते, त्या सगळ्यात ५६ ग्रॅम, म्हणजे वाटीच्या तळाशी राहील एवढी साखर. कोणत्याही व्यवहारी माणसाने एवढ्या प्रमाणाला निर्धोकच म्हटले असते. आणि नेमक्या याच प्रमाणात इंग्लंडच्या खडकांवर एक शंख निर्वंश होत चालला होता.

*

डॉग व्हेल्क हा उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवरचा, जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा शिकारी शंख आहे. शास्त्रीय नाव नुसेला लापिलस. त्याचे आवडते खाद्य बार्नॅकल. ज्या बार्नॅकलच्या निर्मूलनासाठी माणसाने सारे रसायनशास्त्र पणाला लावले, त्याच्या निसर्गदत्त शत्रूचाच काटा त्या रसायनाने काढला, या विसंगतीवर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

१९७० मध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर स्टीफन ब्लेबर यांना या शंखाच्या काही माद्यांच्या उजव्या शृंगिकेमागे नराच्या शिश्नासारखा अवयव उगवलेला आढळला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चिखलातल्या एका शंखात हेच दिसले आणि स्मिथ यांनी त्याला ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले. मादीवर नराची इंद्रिये लादली जाणे, असा त्याचा अर्थ. त्यावेळी याकडे निसर्गाची एक विक्षिप्त खोड म्हणून पाहिले गेले. नौकांच्या धक्क्याजवळचे शंख अधिक बाधित असतात आणि त्यामागे टीबीटी आहे, हे स्मिथ यांनीच १९८१ मध्ये दाखविले, म्हणजे पहिल्या निरीक्षणानंतर अकरा वर्षांनी. त्यानंतर प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत ब्रायन आणि गिब्ज यांनी हा विषय अक्षरशः पिंजून काढला. नौकांची वर्दळ नसलेल्या किनाऱ्यावरचे शंख त्यांनी डार्ट नदीच्या गजबजलेल्या मुखाशी नेऊन ठेवले, तेव्हा काही काळाने त्यांच्यातही विकृती वाढली आणि तिच्याबरोबर अंगातले टीबीटीही वाढले.

या तपासणीसाठी लागणारी सामग्री पाहिली तर हसू येईल: सुताराचा शेगडा, एक भिंगदर्शक आणि आलेखाचा कागद. शंख मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात बधिर करतात, शेगड्याच्या जबड्यात धरून कवच तडकेपर्यंत हलकेच आवळतात आणि आतला मऊ देह चिमट्याने बाहेर काढतात. अंडपेटिका तयार करणारी ग्रंथी दिसली की ती मादी; मग तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूला तो उपरा अवयव आहे का, असल्यास किती मिलिमीटर, ते मोजतात. एका किनाऱ्यावरच्या माद्यांची सरासरी लांबी आणि नरांची सरासरी लांबी यांचे घन करून पहिल्याला दुसऱ्याने भागतात आणि शंभराने गुणतात. माद्यांची सरासरी २ मिलिमीटर आणि नरांची ४ असेल, तर ८ भागिले ६४, म्हणजे साडेबारा टक्के. दुसरे मोजमाप शुक्रवाहिनीचे. मादीच्या अंगात ती किती वाढली आहे याच्या शून्य ते सहा अशा पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीपर्यंत मादी अंडी घालू शकते, पाचव्या पायरीला वाढलेली शुक्रवाहिनी जननरंध्रच झाकून टाकते, आणि सहाव्या पायरीच्या मादीत बाहेर पडू न शकलेल्या अंडपेटिकांचा काळपट गोळा सापडतो. अशा माद्या पुढे आतूनच फुटून मरतात.

विकृतीची सुरुवात लिटरला एक नॅनोग्रॅमहूनही कमी प्रमाणात होते आणि आणखी थोड्या नॅनोग्रॅमांवर माद्या वांझ होऊ लागतात. शंख मरत नाही. तो खातो, चालतो, ओहोटीला कवचाचे झाकण मिटून बसतो. ९६ तासांच्या कोणत्याही परीक्षेत तो सपशेल उत्तीर्ण झाला असता. एखादा विशिष्ट खडक ओस पडायला काही वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात पाहणाऱ्याला म्हातारे, धडधाकट दिसणारे शंख तेवढे दिसतात. त्यातून या प्राण्याची वीण अशी, की त्याच्या पिल्लांना पाण्यात तरंगण्याची अवस्थाच नसते. तांदळाच्या दाण्यासारख्या अंडपेटिका खडकाच्या सांदीत चिकटविल्या जातात आणि त्यांतून रांगती पिल्ले बाहेर पडतात. कालवांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दुरून येऊन रिकामी जागा भरून काढतात. डॉग व्हेल्कची वस्ती एकदा उठली की शेजारच्या खडकावरून रांगत येणाऱ्याची वाट पाहावी लागते.

परीक्षेत हे दिसले नाही, याचे कारण परीक्षा खोटी होती असे नाही. तिने तीन जीवांना ‘मेलात का?’ असे विचारले आणि तिन्ही जीवांनी प्रामाणिक उत्तरे दिली. शंखाला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी प्रश्न चुकीचाच असता. या विकृतीचा जैविक दुवा पुढे २००४ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडला: पेशीतील रेटिनॉइड एक्स या ग्राहीच्या कुलपात टीबीटी चपखल बसते आणि जी किल्ली एरवी शरीराच्या स्वतःच्या संकेतरेणूने फिरवायची ती हा परका फिरवितो. ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेले रेटिनॉइक आम्लाचे एक रूप शंखाला टोचले तरी तीच विकृती उत्पन्न होते, हा त्याचा पुरावा. कुलपात किल्ली बसण्याचा हा मामला असल्यामुळेच इतके अल्प प्रमाण पुरते. पेशीला मारायला विष जास्त लागते, तिची दिशाभूल करायला फार थोडे पुरते.

सुरक्षा-भाजकाची थट्टा करणे मात्र सोपे आणि थोडे अन्यायाचे आहे. पुढे युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांनी समुद्रातील प्राणिवैविध्य नदी-तळ्यांपेक्षा अधिक असल्याचे ध्यानात घेऊन समुद्रासाठी आणखी दहाने भागण्याची तरतूद केली. तो नियम वरच्या आकड्याला लावला तर दीड नॅनोग्रॅमचे ०.१५ होतात, आणि ते शंखाच्या गरजेच्या बरेच जवळ जाते. आंधळ्या भागाकाराने कधीकधी डोळस निरीक्षणाच्या जवळ पोहोचता येते. फक्त त्यासाठी किती अज्ञान कबूल करायचे, हे आधी ठाऊक असावे लागते.

सरकारी आकडे कसे घसरत गेले ते पाहिले तर ही कबुली किती हप्त्यांनी दिली गेली ते कळते. ब्रिटनने १९८५ मध्ये टीबीटीसाठी लिटरला २० नॅनोग्रॅमचे लक्ष्य ठरविले, १९८७ मध्ये लहान नौकांसाठी या रंगांची किरकोळ विक्री थांबविली आणि १९८९ मध्ये समुद्राच्या पाण्यासाठी मर्यादा २ नॅनोग्रॅमवर आणली. युरोपीय संघाने २००८ मध्ये ठरविलेली वार्षिक सरासरी ०.२ नॅनोग्रॅम आहे. तेवीस वर्षांत मर्यादा शंभरपटीने खाली आली. रेणू तोच राहिला. शेवटचा आकडा तर इतका लहान आहे की तो विश्वासार्हपणे मोजताना आजही प्रयोगशाळांची दमछाक होते, आणि १९८०च्या दशकात उपकरणापेक्षा शंखच अधिक संवेदनशील मापक होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

*

लहान नौकांवरची बंदी तुलनेने सोपी होती. खरा समुद्र मोठ्या जहाजांचा होता, आणि ती कोणत्याही एका देशाच्या कायद्यात मावत नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ऑक्टोबर २००१ मध्ये घातक रंगांविषयीचा करार स्वीकारला. १ जानेवारी २००३ नंतर असा रंग नव्याने लावायचा नाही आणि १ जानेवारी २००८ नंतर तो बुडावर उघडा असता कामा नये, अशा तारखा त्यात होत्या. पुरेशा देशांच्या मान्यतेअभावी करार प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत मात्र सप्टेंबर २००८ उजाडला. भारताने त्यासाठी २०१४ मध्ये व्यापारी नौवहन कायद्यात दुरुस्ती केली.

भारतीय किनारा या कथेच्या बाहेर कधीच नव्हता. खनिजवाहू जहाजांची वर्दळ आणि जहाजबांधणीचे व दुरुस्तीचे कारखाने ज्या झुआरीच्या मुखाशी एकवटले आहेत, त्या मुरगाव परिसरातील शंखांमध्ये इम्पोसेक्स असल्याची नोंद दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. तो शंख डॉग व्हेल्कच्याच कुळातला, आणि त्याचे शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाचे नाव धारण करणाऱ्या प्राण्याने ही साक्ष द्यावी, हा योगायोग असला तरी विसरण्याजोगा नाही. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, गाळ आणि प्राणी यांतही ब्युटिल टिनची संयुगे मोजली गेली. गाळ हाच यातला चिवट भाग आहे. उजेड आणि हवा असलेल्या पाण्यात टीबीटीच्या साखळ्या काही दिवसांत वा आठवड्यांत एकेक करून गळून पडतात आणि अखेर साधे कथील उरते. पण गाळाच्या कणांना चिकटून ते प्राणवायू नसलेल्या थरात पुरले गेले की तेच काम कित्येक वर्षे रेंगाळते. बंदराचा मार्ग खोल ठेवण्यासाठी गाळ उपसावा लागतो, आणि उपसलेला गाळ कुठेतरी टाकावा लागतो. २००८ ची तारीख त्या गाळाला माहीत नसते.

देशातील सांडपाण्याच्या नियमांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर एक जुनी ओळख पटते. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांमध्ये जैवपरीक्षेची अट आहे: पाणी न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींच्या परवान्यांत हीच ओळ वाचायला मिळते. अट निरर्थक मुळीच नाही. रासायनिक पृथक्करणाच्या यादीत ज्यांची नावेच नाहीत अशा विषांचे मिश्रणही मासा ओळखू शकतो, आणि म्हणूनच ती कसोशीने पाळली जावी असेच म्हणावे लागेल. परंतु तिचाही प्रश्न तोच आहे: चार दिवसांनी मेला की नाही?

टीबीटी गेल्यावर त्याची जागा पुन्हा तांब्याने घेतली आणि तांब्याला न जुमानणाऱ्या शेवाळांसाठी जोडीला नवी रसायने आली. त्यांतले एक सायब्युट्रिन. ते शंखाला फारसे काही करत नाही. ते वनस्पतींची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बंद पाडते, त्यामुळे सूक्ष्म शैवालांना आणि प्रवाळांच्या अंगात राहणाऱ्या सहजीवी शैवालांना त्याचा फटका बसतो. १ जानेवारी २०२३ पासून त्याच करारात दुरुस्ती करून तेही निषिद्ध ठरविले गेले. येथे निदान शैवालाची परीक्षा ठरलेल्या तीन परीक्षांमध्ये पहिल्यापासून होती, तरीही कित्येक वर्षे गेली. याचा अर्थ प्रश्न विचारला म्हणजे उत्तर ऐकले जातेच असे नाही.

उत्तर अटलांटिकमधून आलेली बातमी मात्र चांगली आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९९१ ते २०१७ या काळात डॉग व्हेल्कची नियमित तपासणी होत राहिली आणि मालिकेच्या अखेरीस तपासलेल्या माद्यांमध्ये इम्पोसेक्स उरले नव्हते. रांगणारी पिल्ले उशिरा का होईना, पोहोचली.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, जिच्या परीक्षापद्धती जगभर प्रमाण मानल्या जातात, २०१६ मध्ये शंखवर्गासाठी विणीच्या दोन परीक्षा मंजूर केल्या. दोन्ही २८ दिवसांच्या, दोन्ही गोड्या पाण्यातील गोगलगायींवरच्या. एकीत मादीच्या पोटातील पिशवी उघडून भ्रूण मोजतात, दुसरीत काचेला चिकटलेले अंड्यांचे पुंजके. पहिलीसाठी निवडलेली न्यूझीलंडची चिमुकली गोगलगाय बहुतांशी नराशिवायच पिल्ले देते, तर दुसरीसाठी निवडलेली तळ्यातली गोगलगाय उभयलिंगी आहे, म्हणजे प्रत्येक प्राण्याला नराचे इंद्रिय जन्मतःच असते. प्लिमथच्या खडकावर ब्लेबर यांना जे दिसले, ते या दोन्ही परीक्षांच्या कोष्टकात लिहायला रकाना नाही.